ट्रकमध्ये न मावलेले सामान



जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एप्रिल-मे महिन्यांत गुलमोहर फुलतो आणि त्याच सुमारास बंगल्यांच्या फाटकांशी सामानाचे ट्रक उभे राहू लागतात. आमचे गाव बदलीचे गाव आहे. मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय येथे, पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय येथे, लष्कराची मोठी छावणी येथे आणि १९०४ पासून चालत आलेला तोफगाड्यांचा कारखानाही येथेच. त्यामुळे शाळांच्या परीक्षा संपल्या की कोणाची भोपाळला, कोणाची कोट्याला, तर कोणाची थेट आसामात बदली होते. पलंग सुटे केले जातात, कपाटांना दोर बांधले जातात, तुळशीची कुंडीसुद्धा गोणपाटात गुंडाळून वर चढविली जाते. ट्रक निघून गेला म्हणजे फाटकाशी पुष्कळदा दोन वस्तू मागे राहिलेल्या दिसतात. एक, पुस्तकांनी भरलेले खोके. आणि दुसरी, गळ्यात पट्टा असलेले एक कुत्रे.

जिवंत प्राण्याला वस्तू म्हटल्याबद्दल कोणी मला दोष दिला, तर तो मला मान्य आहे. परंतु ट्रक भरणाऱ्या माणसाच्या लेखी त्या घटकेला दोन्हींची जात एकच असते. नव्या जागी नेण्यास अडचणीचे, फेकून देण्यास जिवावर येणारे आणि म्हणून ‘कोणीतरी घेऊन जाईल’ या भरवशावर सोडून दिलेले ते सामान असते. ते ‘कोणीतरी’ होण्याचा प्रसंग गेली वीस वर्षे माझ्यावर येत आहे. मी एक लहानशी प्रकाशिका आहे. आणि निवाऱ्यातील कुत्र्यामांजरांना घरे मिळवून देण्याची खटपट हा माझा दुसरा, बिनपैशाचा उद्योग. या दोन उद्योगांचा एकमेकांशी संबंध काय, असे मला नेहमी विचारण्यात येते. आज त्याचेच उत्तर देण्याचा माझा विचार आहे.

माझे वडील १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूरहून येथे आले. नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय जबलपूरच्या वाट्यास आले. न्यायालयाच्या कागदपत्रांमागोमाग जी मराठी कारकून मंडळी आली, त्यांत ते एक होते. म्हणजे आमचे कुटुंबही एका बदलीनेच येथे आलेले. अर्थात मराठी माणूस जबलपुरात त्यापूर्वीही होता. १८१७ पर्यंत या मुलखावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. आमच्यासारख्या घरांत ओसरीपर्यंत हिंदी आणि ओसरीच्या आत मराठी, अशी भाषांची वाटणी असते. मी एका शाळेत या दोन्ही भाषा शिकवीत असे. पुढे मराठी घेणारी मुले कमी होत गेली. तेव्हा, वर्गात नाही तर निदान पुस्तकात तरी भाषा राहावी, अशा काहीशा भाबड्या विचाराने मी प्रॉव्हिडंट फंडातील थोडी रक्कम काढली आणि प्रकाशनाचा व्यवसाय आरंभिला. एका जुन्या बंगल्याच्या आवारातील दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या आहेत. पुढची कचेरी, मागची कोठार. वर्षास दोन, फार तर तीन पुस्तके. मराठीतून हिंदीत गेलेली, हिंदीतून मराठीत आलेली, क्वचित एखादी स्थानिक इतिहासाची पुस्तिका.

या धंद्याचे गणित श्रोत्यांस थोडक्यात सांगितले पाहिजे. डेमी आकाराचे १६० पानांचे पुस्तक म्हणजे सोळा पानी दहा फर्मे. पूर्वी हजार प्रती छापल्यावाचून छपाई परवडत नसे. आता नवी यंत्रे आल्यामुळे तीनशे, किंबहुना शंभर प्रतीही छापता येतात. त्यांतील शेकडा तीस-चाळीस टक्के विक्रेत्याच्या कमिशनात जातात. ज्या प्रती खपत नाहीत त्या परत येतात, आणि परत येतात त्या कोपरे दुमडून, वेष्टनावर चहाचा डाग घेऊनच. आमचा वाचक इंदूर, ग्वाल्हेर, रायपूर, नागपूर, पुणे असा विखुरलेला. त्यामुळे आमचा खरा आधार टपालखाते. २०२४ च्या डिसेंबरात छापील पुस्तकांसाठी असलेली स्वस्त नोंदणीकृत सेवा त्या खात्याने बंद केली, तेव्हा काही महिने पुस्तकाच्या किमतीपेक्षा ते पाठविण्याचाच खर्च डोईजड झाला. २०२५ च्या १ मेपासून ‘ज्ञान पोस्ट’ नावाची नवी सेवा सुरू झाली आणि आमच्यासारख्यांचा जीव भांड्यात पडला.

नुकसानीची ही परंपरा या प्रदेशात जुनी आहे. मराठी मातृभाषा असलेल्या माधवराव सप्र्यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. ते जेमतेम तीन वर्षे चालले. त्याच सप्र्यांनी पुढे समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९५६ साली हरिशंकर परसाई यांनी आमच्या जबलपुरातून ‘वसुधा’ काढली. तीही दोन-अडीच वर्षांतच मिटली. उलट ज्ञानरंजन यांनी १९७३ साली येथूनच सुरू केलेल्या ‘पहल’चे सव्वाशे अंक निघाले. हे गृहस्थ जन्माने अकोल्याचे, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. छोट्या प्रकाशकाने यावरून एवढाच बोध घ्यावयाचा की, आरंभ करणे सोपे असते. घेतलेले काम वर्षानुवर्षे सांभाळणे हीच त्यातील खरी मेहनत होय.

आता कुत्र्याकडे वळते.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. समोरच्या बंगल्यातील बिऱ्हाड गेले आणि त्यांची काळी कुत्री फाटकाशी राहिली. पहिले तीन दिवस ती तेथून हलली नाही. येणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या आवाजासरशी उठून उभी राही आणि मोटार पुढे गेली की पुन्हा बसे. भाकरी टाकली तर वास घेऊन तोंड फिरवी. चौथ्या दिवशी जुलैचा पहिला मोठा पाऊस झाला आणि ती आमच्या ओसरीवर आली. तेथे एका काव्यसंग्रहाच्या परत आलेल्या प्रतींचे गठ्ठे मी प्लॅस्टिकने झाकून ठेवले होते. दोन गठ्ठ्यांच्या सांदीत, वरचे कागद ओरबाडून, तिने जागा केली आणि त्या रात्री पाच पिले घातली. सकाळी यजमान म्हणाले, “तुझ्या या कवीला अखेर कोणीतरी मनापासून उघडले.” मी हसले खरी, पण त्या दिवसापासून कोठार माझे एकटीचे राहिले नाही. कुत्रीच्या काळ्या रंगावरून आम्ही तिचे नाव शाई ठेवले.

एक पिलू पहिल्याच आठवड्यात गेले. राहिली चार. ती दोन महिन्यांची होताच मी त्यांना घरे शोधू लागले, आणि येथेच माझ्या हातून ती चूक घडली, जिच्यामुळे मी आज आपल्यापुढे बोलत आहे. एके दिवशी एक ओळखीचे कुटुंब सहज घरी आले. त्यांच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने पांढऱ्या पायांचे एक पिलू उचलले ते खाली ठेवीना. आईवडील कौतुकाने पाहत होते. मीही विरघळले. ‘न्या, न्या’ म्हटले, पिलाच्या गळ्यात एक लाल फीत बांधली आणि चहा होण्याच्या आत ते दिलेसुद्धा. दोन पिले अशीच गेली. चौथे मी ठेवले.

तीन महिन्यांनी ते कुटुंब बाजारात भेटले. पिलाची चौकशी केली. घरमालकाने हरकत घेतली होती, मुलाला शाळेचा अभ्यास वाढला होता, आजीला सोवळेओवळे होते. सबब एका रविवारी त्यांनी पिलाला ग्वारीघाटावर नेऊन सोडले होते. “नर्मदामाईच्या काठी ते उपाशी राहणार नाही,” बाईंनी मला समजावून सांगितले, “तेथे भक्त मंडळी रोज प्रसाद टाकतात.” त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, आपण त्या जिवाची चांगली सोय लावली, असेच त्यांना मनापासून वाटत होते. मी त्या संध्याकाळी घाटावर गेले. त्यानंतर सलग आठ दिवस गेले. होडीवाल्यांना विचारले, फुले विकणाऱ्या बायकांना विचारले. पांढऱ्या पायांची कुत्री पुष्कळ दिसली. ते पिलू मला मिळाले नाही.

त्या आठ दिवसांत एक गोष्ट माझ्या मनाला फार लागली. एखादे हस्तलिखित माझ्याकडे आले, तर मी ते दोनदा वाचते. जाणकाराचे मत घेते. लेखकाशी करार करते. त्यात किती प्रती, किती मानधन, पुस्तक बाजारात राहिले नाही तर हक्क कोणाकडे जावेत, हे सारे लिहून ठेवते. कागदाच्या दहा फर्म्यांसाठी मी तीन-तीन महिने विचार करीत होते. आणि बारा-तेरा वर्षे जगणाऱ्या प्राण्यासाठी मी चहा उकळण्याइतकाही वेळ घेतला नाही. त्या कुटुंबाने पिलाला टाकले, हे खरे. पण चौकशी न करता ते त्यांच्या हाती ठेवणारी मीच होते. त्या वेळी मला दया आली होती. दया येण्यास क्षण पुरतो. स्वीकार करावयाचा तर पुढील बारा वर्षांचा हिशेब करावा लागतो.

तेव्हापासून मी प्राणी दत्तक देताना प्रकाशकाचीच रीत पाळते. गावाबाहेर एक छोटा निवारा आहे. तेथील मंडळींनाही ही पद्धत पटली. घेऊ इच्छिणाऱ्याला आम्ही काही साधे प्रश्न विचारतो. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असल्यास मालकाची संमती आहे काय? घरातील सर्वांत वडील माणूस काय म्हणतो? सकाळी सहा वाजता कुत्र्याला बाहेर कोण नेणार? मे महिन्यात सारे घर गावी गेले तर ते कोणाजवळ राहणार? बदली झाली तर? हा शेवटचा प्रश्न जबलपुरात अगदी आवश्यक आहे. लस आणि नसबंदी यांचा खर्च ठाऊक आहे काय? उत्तरे मिळाली की आठ दिवस थांबावयास सांगतो. आठ दिवसांनी जो परत येतो, तो बहुधा खरा असतो. मग एक कागद लिहितो. त्यात एक कलम मी हट्टाने घातले आहे: काही कारणाने प्राणी ठेवणे अशक्य झाले, तर तो घाटावर, बाजारात किंवा दुसऱ्या कोणाकडे न देता आमच्याचकडे आणावा, त्याबद्दल एक शब्दही विचारला जाणार नाही. परत आलेली प्रत मी रागाने फेकून देत नाही. धूळ पुसून पुन्हा फळीवर ठेवते. परत आलेल्या प्राण्याबाबतही तसेच केले पाहिजे. माणसाला परत करण्याची लाज वाटू लागली, म्हणजे तो रात्रीच्या अंधारात सोडून देतो.

कायद्याचा धाक नाही काय, असे कोणी विचारील. आहे. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत मांडलेल्या विधेयकातून जी हालचाल सुरू झाली, तिच्यातून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला विनाकारण सोडून देणे हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड त्यात किती लिहिलेला आहे? दहा ते पन्नास रुपये. पन्नास रुपयांत आज माझे अगदी पातळ पुस्तकही येत नाही. तेव्हा हे काम दंडापेक्षा समजुतीनेच अधिक होईल, असे मला वाटते.

निवारा ही कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. तिच्यासाठी ‘पांजरपोळ’ असा जुना शब्द आपल्यापाशी आहे. आज पांजरपोळ म्हटले की आपणास म्हाताऱ्या गाई आठवतात; परंतु मुंबईच्या पांजरपोळाचे मूळ कुत्र्यांत आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. १८३२ साली मुंबई सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम काढला व कुत्र्यामागे बक्षीस ठेवले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई घरांच्या आवारात शिरून पाळलेली कुत्रीही मारू लागले. तेव्हा जून महिन्यात कोटातील पारशी मंडळी रस्त्यावर आली, दुकाने बंद झाली, पलटणीचा अन्नपुरवठाही अडला. पुढे १८३४ साली जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील जैन व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभा राहिला. सरकारच्या गोळीपासून वाचविलेल्या जनावरांना जागा हवी, ही त्यामागची निकड होती. १८७४ साली मुंबईत प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था निघाली, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे प्राणिरुग्णालय १८८३ पासून आहे. म्हणजे या कामाला आता दोन शतके होत आली.

तथापि निवारा म्हणजे घर नव्हे. आमच्या स्टेशनजवळ राजा गोकुळदासांची धर्मशाळा आहे. वाटसरूला रात्रीपुरता आसरा मिळावा म्हणून धर्मशाळा बांधतात. तेथे कोणी जन्म काढावा, अशी बांधणाऱ्याची इच्छा नसते. निवाऱ्याचेही तसेच आहे. दहा जनावरांच्या जागेत तीस झाली, की पिलांचा संसर्गजन्य अतिसार एका आठवड्यात सगळे कठडे रिकामे करू शकतो. तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून निवाऱ्यातून एक कुत्रे दत्तक गेले, की दोन जीव वाचतात: एक गेलेला आणि दुसरा त्याच्या रिकाम्या जागी येणारा. माझ्या कोठाराचेही हेच. कोठार भरलेले असणे ही प्रकाशकाची श्रीमंती नव्हे. जो गठ्ठा फळीवरून हलला नाही, त्याच्यामुळे पुढचे पुस्तक अडते.

आता मी एका अवघड बाजूकडे येते. माझे हे बोलणे ऐकत असलेल्या श्रोत्यांत असे आईबाप असतील, ज्यांच्या मुलाला रस्त्यावरील कुत्रे चावले आहे. त्यांच्यापुढे भूतदयेचे प्रवचन करण्याचा मला अधिकार नाही. पिसाळी हा रोग एकदा अंगात भिनला की त्यातून माणूस बहुधा वाचत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली पहिली लस टोचली, त्याला आता १४० वर्षे झाली. आमच्या लहानपणी कुत्रे चावल्यास पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, आणि त्या चौदा इंजेक्शनांची भीती रोगापेक्षाही मोठी होती. आता दंडावर घ्यावयाच्या चार-पाच मात्रा असतात; जखम लगेच साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून दवाखाना गाठला, तर जीव वाचतो. हे प्रत्येक घरात ठाऊक असले पाहिजे.

पण भीतीचा उपाय कोणता? मुंबईत शंभराहून अधिक वर्षे कुत्री मारण्यात आली; त्यांची संख्या हटली नाही. मारलेल्यांच्या जागी नवी येत राहिली. अखेर १९९४ च्या सुमारास महापालिकेने मारणे थांबविले आणि नसबंदी व लसीकरणाचा मार्ग धरला. २००१ साली त्याचे देशव्यापी नियम झाले. २०२३ साली ते नव्याने करण्यात आले. २०२५ च्या ऑगस्टात या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचे हुकूम झाले. ११ तारखेच्या हुकुमाने दिल्लीतील सर्व मोकाट कुत्री निवाऱ्यांत हलवावयाची होती. २२ तारखेला मोठ्या पीठाने त्यात बदल करून, नसबंदी व लस झालेली कुत्री त्यांच्या जागी परत सोडावी, पिसाळलेली व हल्लेखोर मात्र सोडू नयेत, असे सांगितले. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा ठिकाणची कुत्री हलविण्याचा हुकूम झाला. वर्तमानपत्रांतून दोन तट पडले. घराघरांत वाद झाले. त्या गदारोळात २२ ऑगस्टच्या हुकुमातील एक ओळ फारशी कोणी वाचली नाही. ज्यांना कुत्र्यांबद्दल प्रेम आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करून ती दत्तक घ्यावीत, आणि एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, याची जबाबदारीही घ्यावी, असे न्यायालयाने त्यात म्हटले होते. माझ्या मते त्या साऱ्या वादात सामान्य गृहस्थाच्या हाती असलेली गोष्ट एवढीच होती. न्यायालयाची हुकूमपत्रे मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी वाचावीत, ती अशासाठी.

या कामी आमच्या सिव्हिल लाइन्सला एक भाग्य लाभले आहे. येथील दक्षिण भागात १९४८ साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळीस जन्मलेल्या नानाजी देशमुखांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठाचा ते आज भाग आहे. शाईला मी प्रथम तेथेच नेले. मला वाटले होते, रस्त्यावरच्या कुत्रीला घेऊन गेलेल्या बाईकडे तेथील तरुण मुले हसून पाहतील. त्यांनी तिला टेबलावर ठेवले, दात पाहिले, वय सांगितले आणि शांतपणे तिचा स्वतंत्र कागद केला. त्या कागदावर मालकाच्या रकान्यात माझे नाव लिहिले गेले, तेव्हा माझ्या लक्षात आले की, ही कुत्री आता ‘कोणाची तरी’ नाही.

लोकांना पिलू हवे असते, आणि तेही ‘जातीचे’. आमच्या निवाऱ्यात जातीची कुत्रीही येतात. लॅब्रेडॉर येतात, अल्सेशियन येतात. बदलीच्या गावात त्यांनाही कोणी सोडीत नाही, असे नाही. परंतु चार-पाच वर्षांच्या देशी कुत्र्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. माझा अनुभव असा की, नवख्या कुटुंबाने प्रौढ कुत्रेच घ्यावे. त्याचा आकार ठरलेला असतो, स्वभाव कळलेला असतो, चपला खाण्याचे वय सरलेले असते. देशी कुत्र्याला आमचे ऊन बाधत नाही, त्याचे आजार कमी, खाणे साधे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाणारा वाचक जसा वेष्टन न पाहता आतले पान उघडतो, तसे निवाऱ्यात जावे.

आणि आपला धर्म याच्या आड येतो, असे तरी कोठे आहे? आमच्या जबलपुरातील मराठी मंडळींचे जुने दत्तमंदिर गोलबाजारात आहे. दत्ताच्या पायांशी चार कुत्री असतात, आणि ते चार वेद होत, असे आपण मुलांना सांगतो. ज्ञानाला या देशात कुत्र्याचे रूप देण्यात कोणाला संकोच वाटला नाही. नामदेवांच्या ताटातील कोरडी पोळी कुत्र्याने पळविली, तर ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराने कुत्र्यावाचून स्वर्गात पाऊल ठेवण्यास नकार दिला. या शेवटच्या गोष्टीतील मर्म मला फार उशिरा कळले. ते कुत्रे गोजिरवाणे होते, असे व्यासांनी कोठे म्हटलेले नाही. ते सोबत आले होते, विश्वासाने आले होते, आणि विश्वासाने आलेल्याला वाटेत सोडणे हे युधिष्ठिराला महापातक वाटले. त्याच्या मनात त्या कुत्र्याबद्दल प्रेम किती होते, हे आपणास ठाऊक नाही; त्याने त्याचा स्वीकार केला होता, एवढे ठाऊक आहे.

शाई अकरा वर्षे माझ्यापाशी राहिली. तिच्या मागे तिचे पिलू, तेही आता नाही. सध्या कचेरीत दोघे आहेत. एक तीन पायांचा, दुसरी एका डोळ्याने अधू. दोघेही लेखकांचे स्वागत सारख्याच अविश्वासाने करतात. तो काव्यसंग्रहही हळूहळू संपत आला. ज्या प्रतींचे कागद शाईने ओरबाडले होते, त्यांतील एक कवीने स्वतः मागून नेली. प्राणी दत्तक घेण्याविषयी मी एक छोटी पुस्तिका लिहून काढली आहे, ती दहा रुपयांस विकते. ‘फुकट का वाटीत नाही?’ असे लोक विचारतात. फुकट मिळालेले पुस्तक कोणी वाचीत नाही, हे मी धंद्यात शिकले, आणि फुकट मिळालेले पिलू कोणी सांभाळीत नाही, हे ग्वारीघाटावर शिकले.

गेल्या मे महिन्यात समोरच्या त्याच बंगल्यापाशी पुन्हा ट्रक उभा राहिला. बाई ओळखीच्या नव्हत्या. दुपारी त्या स्वतःच आमच्या फाटकाशी आल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही कुत्र्यांचे काम करता, असे ऐकले. आमची बदली झाली आहे.” माझ्या छातीत धस्स झाले. मी कठड्याची जागा मनाशी मोजू लागले. पण त्यांचा प्रश्न निराळा होता. रेल्वेतून कुत्र्याला नेता येते काय, आणि कसे, हे त्यांना हवे होते. मी सांगितले की येते. पहिल्या वर्गाचा वातानुकूलित कूपे पूर्ण राखून ठेवल्यास सोबत नेता येते, नाहीतर गार्डच्या डब्यातील पेटीतून, पार्सल कचेरीत नोंद करून. पशुवैद्याचा दाखला मात्र जवळ हवा. त्यांनी सारे एका कागदावर उतरवून घेतले. तिसऱ्या दिवशी स्टेशनवर मी निरोपाला गेले. कुत्र्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्याचे सारे लक्ष आपल्या माणसांकडे होते, आणि ते योग्यच होते.

परत आले तेव्हा ट्रक निघून गेला होता. फाटकाशी पुस्तकांचे खोके मात्र राहिलेच होते. ते मी उचलून घरी आणले.